सहाशेवरच्या पाच गोळ्या

सोमवार, ४ मार्च

आत्या,

पोचले. प्रवासात पाठ धरली, बाकी धडधाकट आहे. शिबिरात फोन फाटकावरच काढून घेतात आणि डब्यात कुलूपबंद करतात. रविवारी दहा मिनिटं मिळतो. ती दहा मिनिटं बाबांची. तुझ्याशी फोनवर बोलायचं म्हणजे मी "आत्या" म्हणून ओरडणार, तू "कोण?" म्हणून ओरडणार आणि वेळ संपणार. निशाणाखालच्या खड्ड्यात बसून गोळी कुठं लागली ते दाखवता दाखवता तुझे कान गेले, त्याला मी तरी काय करू! म्हणून पत्र. दोन दिवसांत पोचतं म्हणतात.

खोलीत आम्ही तिघी आहोत. एक झोपेत आकडे पुटपुटते. दुसरी सारखी खिडकी बंद करते. पलंग इतका अरुंद आहे की कूस बदलायला आधी विचार करावा लागतो.

संघाची निवड कशी होणार ते आमच्या प्रशिक्षकांनी, इथं सगळ्या त्यांना मास्तर म्हणतात, आल्या आल्या सांगितलं. तीन शनिवार. दर शनिवारी प्रत्येकीनं तीनच गोळ्या मारायच्या: पाचशे मीटरवर एक, सातशेवर एक, नऊशेवर एक. अंदाज घ्यायला आधी एकही गोळी नाही. आणि गोळी वर जावी म्हणून बंदुकीवरच्या दुर्बिणीची उभी फिरकी किती क्लिक चढवायची, ते आदल्या दिवशी संध्याकाळी सहाच्या आत कार्डावर लिहून द्यायचं. मग बदल नाही. वाऱ्यासाठी आडवी फिरकी हवी तेवढी फिरवा, उभीला हात लावायचा नाही. "नेम तुम्हा सगळ्यांचाच चांगला आहे," म्हणाले, "मला तुमचं गणित बघायचंय." आठवडाभर लांबचा पल्ला बंद. फक्त शंभर मीटरवर बंदूक तपासायची. बाराजणी आलोत, संघात चौघी जाणार.

आम्हाला सगळ्यांना शिबिरानं आधीच पाठवलेल्या एकाच कारखान्यातल्या गोळ्या, तुला शेवटच्या दिवशी दाखवलेली ती नवी पेटी. त्यांचा वेग मोजायचं यंत्र इथं कुणाकडेच नाही, म्हणून बाकीच्या डोकं धरून बसल्यात. मी निवांत आहे. मी निघायच्या आदल्या दिवशी गोळीचा वेग सेकंदाला सातशे नव्वद मीटर धरला होता, टॅबवरच्या सॉफ्टवेअरनं सहाशे मीटरला चव्वेचाळीस क्लिक सांगितले, मी पाच गोळ्या मारल्या आणि पाचही तू मधोमध दाखवल्यास. म्हणजे सातशे नव्वद पक्का. आता त्यात इथल्या हवेचा दाब आणि उष्णता घातली की नऊशेचं उत्तर मिळतं.

हे तिसरं वर्ष. या वेळी नाही झालं तर पुन्हा रजा कुणी देणार नाही, हे तुला माहीत आहेच.

इथं खड्डा नाही, खूण करणारं माणूस नाही. गोळी लागली की पडद्यावर ठिपका येतो. फार शांत वाटतं. बरं नाही वाटत.

तुझी भाची


शुक्रवार, ८ मार्च

पोरी,

पत्र बुधवारी मिळालं. पुढच्या वेळी अक्षर मोठं काढ, मी चौथी शिकलेली बाई आहे, मुंग्या वेचायला बसलेली नाही. दादानं लेकीचं पत्र दोनदा वाचलं आणि त्यातलं तुझी पाठ दुखते एवढंच त्याच्या डोक्यात राहिलं. कालपासून मला विचारतोय, तिथं शेक घ्यायची सोय असेल का. मी म्हटलं, तूच जाऊन ये बघून.

इकडे तेच. सकाळी सहाला खड्ड्यात उतरायचं, निशाणाच्या कागदाची चौकट वर ढकलायची, गोळी लागली की खाली ओढायची, भोकात केशरी बिल्ला खोचायचा, पुन्हा वर ढकलायची. मागचं भोक ठिगळ लावून बुजवायचं. दिवसाला तीनशे वेळा. काल एक पोटवाला आला होता. कागदाला एक गोळी लागेना आणि वरून निरोप पाठवतो, बाई नीट बघत नाहीत. मी उलट निरोप पाठवला, कागद कोरा आहे, हवा तर पत्र लिहायला देते.

सात नंबरच्या चौकटीचा दोर तुटला, तू गेल्याच्या दुसऱ्या दिवशी. कप्पीच वाकली आहे. दादा म्हणतो रविवारी येऊन वेल्डिंग करतो. कुठल्या रविवारी ते बोलला नाही. तोवर ती तशीच खाली पडून आहे.

एक विचारायचं होतं. त्या पाच गोळ्या तू तिकडच्या हिशेबात कशाला घेतल्यास? मला वाटलं ती नुसती प्रॅक्टिस. दिवस संपत आला होता, नवी पेटी हाताळून बघायची म्हणून मारतेयस असं मला वाटलं. त्या सॉफ्टवेअरमधलं मला ओ की ठो कळत नाही, म्हणून विचारते.

पाठीला उशी घे.

आत्या


रविवार, १० मार्च

आत्या,

हे पत्र बाबांना देऊ नकोस. फोनवर मी त्यांना "छान चाललंय" म्हटलंय.

काल पहिला शनिवार झाला. पाचशेवर बारा सेंटिमीटर खाली. सातशेवर तीस खाली. नऊशेवर बासष्ट. खाली, खाली, खाली. बाराजणींत सातवी आहे, तेही दोघींचा तर कागदच चुकला म्हणून.

तू विचारलंस तर सांगते. सॉफ्टवेअर काही जादू नाही, तू सांगशील ते खरं धरून पुढचं सांगतं. गोळी सुटल्यापासून पडतच असते. वेग जास्त असेल तर कमी पडते, कमी असेल तर जास्त. एकदा वेग कळला की पुढचं सगळं अंतर त्यावरून निघतं. आणि वेग मला कळला तो सहाशेवरच्या त्या पाच गोळ्यांवरून. ती प्रॅक्टिस नव्हती गं, तोच पाया होता. सहाशेला जरा जरी इकडेतिकडे असतं, तर नऊशेला त्याच्या तिप्पट दिसतं.

म्हणून मला वेड लागायची पाळी आलीय. पाया पक्का आहे आणि भिंत पडतेय. शिवाय ही जागा आपल्यापेक्षा उंचावर आहे. हवा पातळ, म्हणजे गोळी वर लागली तर समजू शकते. खाली कशी? दाबाचा आकडा तीनदा घातला. हवामानवाले समुद्राच्या पातळीवरचा दाब सांगतात, तो चुकून घातला असेल म्हणून इथला खरा दाब यंत्रावर बघून घातला. गोळीचं वजन बघितलं. दुर्बीण नळीपासून किती उंच आहे ते पट्टीनं मोजलं. सगळं बरोबर. एकच गोष्ट तपासली नाही, आणि ती तपासायची गरजच नाही, तुझी खूण.

तुला काही सुचतं का? तू बावीस वर्षं गोळ्या कागदाला लागताना बघतेयस. आमच्यासारख्यांना कशानं काय होतं ते तुला जास्त माहीत. लवकर लिही. गुरुवारपर्यंत मिळालं तर शुक्रवारच्या कार्डाला उपयोग होईल.

भाची


मंगळवार, १२ मार्च

पोरी,

आत्ताच मिळालं आणि आत्ताच लिहायला बसले, म्हणजे आजच्या टपालाला जाईल.

एवढं काही मनाला लावून घेऊ नकोस. सातवी म्हणजे काही शेवटची नाही. दुर्बिणीचे स्क्रू बघ. प्रवासात गाडी आदळते, त्यात ढिले होतात. इथं कितीदा बघितलंय, माणूस दिवसभर हवेला शिव्या देतो आणि स्क्रू ढिला निघतो. तो पोटवाला तसाच. नळी पण साफ कर. गोळ्या ओलसर झाल्या का बघ.

आणि ते काहीच नाही निघालं, तर नऊशेला सहा-सात क्लिक जास्त चढव. सातशेला चार. मी सांगते म्हणून चढव. सॉफ्टवेअर काय म्हणतं ते एका बाजूला ठेव. सगळंच यंत्राला विचारून करायचं म्हणजे कठीणच आहे.

दादाला पत्र दिलं नाही. विचारत होता, मी म्हटलं बायकांचं आहे.

जेवत जा वेळेवर.

आत्या


रविवार, १७ मार्च

आत्या,

तुझं पत्र गुरुवारी मिळालं. स्क्रू बघितले. घट्ट होते. पण तू म्हणतेस तर असेल म्हणून दुर्बीण पूर्ण काढली, पुसली, परत बसवली, शंभरवर जुळवली. शंभरवर छान बसली. आणि काल कळलं की ती किंचित तिरकी बसली होती. केसभर. शंभरवर कळत नाही. पण लांबच्या अंतराला क्लिक चढवत गेलं की वर जायच्या ऐवजी गोळी वर आणि बाजूला जाते. म्हणजे परवापर्यंत मी नुसती खाली होते, आता खाली आणि डावीकडे आहे. या शनिवारी आठवी. दोन्ही मिळून सातवी.

दोष तुला देत नाही. स्क्रूड्रायव्हर माझ्या हातात होता.

पण ते सहा-सात क्लिक जास्त चढव हे तू कशावरून लिहिलंस? मी तो कागद शुक्रवारी साडेपाचपर्यंत समोर ठेवून बसले होते. का, ते तू लिहिलं नाहीस. कारणाशिवाय आकडा मी कार्डावर कसा लिहू? मास्तर शेजारी उभे राहून विचारतात, हा कुठून आला. "आत्या म्हणाली" असं सांगू? नाही लिहिला. आणि लिहिला असता तर निदान उंचीला तरी बरोबर आले असते! सहा-सात. बरोबर तेवढेच कमी पडतायत. तुला कसं कळलं?

मास्तरांनी काल मला थांबवून घेतलं. वही मागितली. पानं उलटली आणि सहाशेच्या पानावर बोट ठेवलं.

"पाचही मधोमध. खूण कोणी केली?"

मी म्हटलं, माझ्या आत्यानं.

"पडद्यावर नाही? माणसानं?"

मी म्हटलं, माणसानं नाही, माझ्या आत्यानं. बावीस वर्षं झाली तिला, माझ्या बोलण्यावर नाही पण तिच्या बिल्ल्यावर क्लबातला कुणीही डोळे मिटून विश्वास ठेवतो. त्यांनी बोट त्या पानावरून उचललं नाही. मला राग आला. मी म्हटलं, सर, माझं काहीही चुकलं असेल, नळी बदला, बंदूक बदला, मला घरी पाठवा, पण तो आकडा सोडून बोला. खोलीतल्या दोघी सांगतात माझा आवाज बाहेरपर्यंत आला.

आता एक शनिवार उरला. कुठं चुकतंय तेच कळत नाहीये, मग दुरुस्त काय करू? थकले आहे. पलंगावर पडते तरी डोळ्यांसमोर आकडे फिरतात. आता मीही पुटपुटते म्हणे.

भाची


गुरुवार, २१ मार्च

पोरी,

तुझं पत्र मंगळवारी आलं. दोन दिवस ते ओट्यावर पडून होतं. त्याच दिवशी लिहिलं असतं तर आज तुझ्या हातात असतं. नाही लिहिलं. आता हे पत्र तुला शनिवारी गोळ्या मारून झाल्यावरच मिळणार, म्हणून आज दादाला तिथल्या ऑफिसात फोन करायला लावला. तिथला माणूस म्हणाला, मुलींना बोलवता येत नाही, निरोप चिठ्ठीवर लिहून देतो. तो निरोप तुला उद्या मिळेल. आता इथं नीट सांगते.

त्या पाच गोळ्या मधोमध नव्हत्या.

वीतभर खाली होत्या. पाचही, एका जागी, छान गोळा करून. मी चौकट खाली ओढली, भोकं बघितली आणि बिल्ले वीतभर वर लावले. जसे पडले होते तसेच, एकमेकांपासून तेवढ्याच अंतरावर, फक्त वर. खरी भोकं बुजवून टाकली. तू पाच मारल्यास, मी पाचदा तसंच केलं.

तू मधोमध दिसलं म्हणून वर उड्या मारत होतीस, ते मला खालून ऐकू आलं नाही, पण वायरलेसवर लाल दिवा तीनदा लावलास. तेव्हा वाटलं, बरं केलं.

आता का. आधी मी कागदावर लिहिलं की तू दुसऱ्या दिवशी निघणार होतीस, तुझं तोंड उतरू नये म्हणून केलं. ते लिहिलं आणि फाडलं. तेही होतं थोडंसं, पण ते नाही. पोरी, मला घरी जायचं होतं. सकाळी सहापासून खाली उभी होते. हात वर जात नव्हते. खाली लागलंय असं दाखवलं असतं तर तू क्लिक बदलले असतेस आणि पुन्हा पाच मारल्या असत्यास. पुन्हा पाचदा ओढ, पुन्हा पाचदा ढकल. तुझ्या भाषेत ती दहा मिनिटं. मला तेव्हा दहा मिनिटं नको होती. एवढंच कारण आहे, दुसरं मोठं काही शोधू नकोस.

तीन वर्षं झाली, माझी पाळी संपली की तुझी सुरू होते. तू कधी विचारलं नाहीस दमलीस का, आणि मी कधी दमले म्हटलं नाही. एकदा जरी वर येऊन सांगितलं असतं, आज बास, उद्या बघू, तर तू दोन मिनिटं फुगली असतीस आणि विषय संपला असता. तेवढं तोंडातून निघालं नाही, म्हणून बिल्ला सरकवला.

तुझं पहिलं पत्र आलं तेव्हा शंका आली. दुसरं आलं तेव्हा कळलं. तरी तुला स्क्रू बघायला लावले. सहा-सात क्लिक मी तुझ्याच बासष्टवरून काढले होते, नऊशेला एक क्लिक म्हणजे नऊ सेंटिमीटर, तेवढं मलाही येतं. पण का ते लिहायची छाती झाली नाही. आणि तू तिथं माझ्यासाठी भांडलीस.

वीतभर म्हणजे किती, हे तुझं सॉफ्टवेअर विचारणार. तुझ्या पाच गोळ्यांची सात नंबरची चौकट त्याच नव्या कागदासकट तशीच पडून होती, तू गेल्यापासून तिच्यावर कुणी मारलेलं नाही. काल दुपारी टेप घेऊन खाली गेले. मधल्या ठिपक्यापासून ठिगळापर्यंत पाचही मोजले. सतरा, एकोणीस, अठरा, एकवीस, वीस. सरासरी काढायला दादाकडे गेले. तो म्हणाला, कशाची सरासरी? मग सांगावं लागलं. त्यानं हातातला पाना खाली ठेवला. मग म्हणाला, "तू?" एवढंच. मग बेरीज केली. पंच्याण्णव. भागिले पाच, एकोणीस.

तेव्हा एकोणीस सेंटिमीटर खाली. चव्वेचाळीस क्लिकवर. हे मी मोजून लिहितेय.

आत्या


रविवार, २४ मार्च

आत्या,

चिठ्ठी शुक्रवारी पाच वाजता मिळाली. ऑफिसातल्या माणसाचं अक्षर तुझ्याहून वाईट आहे. "सहाशेला मधोमध नव्हत्या. १९ सेंमी खाली. आत्याने मोजले. वडील." मी दारातच उभी राहून चार वेळा वाचली. वडील म्हणजे बाबा, हे मला चौथ्यांदा कळलं.

तासाभरात कार्ड द्यायचं होतं. मास्तरांना चिठ्ठी दाखवली. त्यांनी वाचली आणि म्हणाले, "हे आज कळवतायत? तीन आठवड्यांनी?" मग म्हणाले, तू एकदा दुर्बीण काढून बसवलीस आणि घसरलीस, आता पुन्हा कुणाच्या तरी निरोपावरून काही बदलू नकोस. आणि बदलणार असशील तर विचार कर, ज्या बाईनं आधी खोटं दाखवलं तिचाच हा आकडा आहे.

मी तोच विचार करत होते. साडेपाच वाजेपर्यंत मी काही केलं नाही. रडलेही नाही. तुझ्यावर इतका राग होता की तो आकडा खरा असला तरी वापरू नये असं वाटत होतं. मग टॅब उघडला. सॉफ्टवेअरला विचारलं, चव्वेचाळीस क्लिकवर सहाशेला एकोणीस खाली लागलं तर वेग किती? ते म्हणालं, सातशे पासष्ट. मग त्या वेगानं मागचे दोन्ही शनिवार काढून बघितले. बारा, तीस, बासष्ट. जिथं जिथं माझी गोळी पडली होती, बरोबर तिथं. तीन आठवडे मी हवेला, नळीला, माझ्या खांद्याला शिव्या देत होते, आणि एका आकड्यानं सगळं जागच्या जागी बसलं. सहाला पाच मिनिटं कमी असताना कार्ड दिलं. नऊशेला सत्त्याऐंशी होते, चौऱ्याण्णव केले. दुर्बीण गुरुवारीच ओळंबा लावून सरळ केली होती.

काल पाचशे मधोमध. सातशे मधोमध. नऊशेला मध्यापासून चार बोटं उजवीकडे, ती वाऱ्याची, उंची अगदी बरोबर. काल मी पहिली आले.

तिन्ही मिळून पाचवी. चौथीच्या दोन गुण मागं. चौघी जाणार.

मास्तर म्हणाले सहा महिन्यांनी पुन्हा निवड आहे. रजेचं मी त्यांना सांगितलं नाही. ऑफिसात पाया पडून बघेन, नाहीतर नोकरी सोडून बघेन, अजून ठरवलं नाही.

आता तुझं पत्र. ते काल संध्याकाळी मिळालं. माफ केलं असं लिहीत नाही, कारण तसं वाटत नाही. वाटलं की सांगेन. दोन गुण म्हणजे किती कमी असतात हे तुला माहीत आहे.

पण एक गोष्ट मीही लिहिली नव्हती. त्या संध्याकाळी पाचही मधोमध दिसल्या तेव्हा मला खटकलं होतं. नवी पेटी, वेग नुसता अंदाजानं धरलेला, आणि पहिल्या झटक्यात पाचही मधोमध? असं होत नाही. आणखी पाच मारून बघायला हव्या होत्या. मास्तरांनी बोट ठेवलं ना, ते मलाही त्याच दिवशी दिसलं होतं. पण माझा खांदा सुजला होता, बॅग भरायची राहिली होती. मलाही घरी जायचं होतं. मी म्हटलं, आत्यानं दाखवलंय ना, झालं. वही मिटली आणि लाल दिवा लावला. मास्तरांवर ओरडले ते सगळं तुझ्यासाठी नव्हतं.

तरी राग आहेच. तो वेगळा ठेवलाय.

शनिवारी घरी पोचते. सोमवारी तुझी पाळी झाली की सहाशेवर यायचंय. सातशे पासष्ट बरोबर आहे का ते मला पुन्हा बघायचंय, नव्या पेटीतल्या वीस गोळ्या शिल्लक आहेत. खूण करायला दुसऱ्या कुणाला सांगू का असा विचार केला. नाही सांगत. तूच खाली बस.

भाची


बुधवार, २७ मार्च

पोरी,

पत्र मिळालं. दादालाही दिलं. दोन गुणांशी पोचल्यावर त्यानं चष्मा काढून ठेवला. पुढचं मी वाचून दाखवलं, खांद्याच्या सुजेचं सोडून. नाहीतर शेकायची पिशवी घेऊन निघाला असता.

मी क्लबच्या साहेबांना सोमवारी सगळं सांगितलं. ते म्हणाले, पाचच ना? मी म्हटलं, पाचच. म्हणाले, आणि बावीस वर्षांत दुसऱ्या कुणाच्या? मी म्हटलं, नाही. त्यांनी मान हलवली, पण विश्वास बसला की नाही ते कळलं नाही. कालपासून खड्ड्यात माझ्या शेजारी दुसरी बाई आहे. मी बिल्ला लावते आणि ती बघते. पोटवाल्यानं वरून विचारलं, आता नीट दाखवताय ना? या वेळी उलट निरोप पाठवला नाही, चौकट वर ढकलली. हे असं किती दिवस चालेल माहीत नाही. चालू दे.

खटकलं होतं हे तू लिहिलंस ते बरं केलंस. त्यानं माझं काही कमी होत नाही. दोघींचं दोघींकडे.

"वाटलं की सांगेन" म्हणालीस. सांग. नाही वाटलं तरी येऊन तसं सांग, पत्रात नको, मला डोळ्यांनी बघून कळतं.

सोमवारी मी सहाशेवर आहे. दुसरी बाई असेल, तिला असू दे. पण वीस गोळ्या नाही. दहा. पहिल्या गोळीपासून जिथं लागेल तिथंच बिल्ला, दहाव्या गोळीला मी चौकट खाली घेऊन बिल्ला ठेवून देणार आणि वर येणार, तुझा वेग निघो न निघो. उरलेल्या दहा दुसऱ्या दिवशी. तू फुगलीस तर फुग.

आणि अकरावी मारायचीच असेल, तर खाली येऊन तिचा बिल्ला तुझा तू लाव.

आत्या